हलता कॅमेरा, ओळखीचं कोल्हापूर: प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, करवीर तालुक्यातला एक बांध

लग्नाचे मुहूर्त लागले की रविवार आपले राहत नाहीत, म्हणून आजच नारळ फोडला. काम असं: शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा, आणि कोल्हापूर-पन्हाळा पट्ट्यातल्या आपल्या नेहमीच्या जागा अशा काढायच्या की कागदावर त्या रंगवलेल्या वाटाव्यात. फोटोग्राफर मंडळी याला आयसीएम म्हणतात, इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट. पोटापाण्याच्या कामात हललेली फ्रेम आम्ही पहिल्या फटक्यात उडवतो. इथे हललेल्यातूनच निवडायचं आहे. ती निवड कशाच्या जोरावर करायची, हे वर्षभर बघू. पुढच्या श्रावणापर्यंत पंधरा-वीस प्रिंट निघाल्या तरी पुष्कळ.

सुरुवात झाडांपासून, कारण सगळे तिथूनच करतात. मित्राच्या बांधावर नीलगिरीची रांग आहे, मागे ऊस, उसाला तुरा आलेला. ५० मिमीची लेन्स, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) १००, एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर), कोवळ्या उन्हात शटर १/८ सेकंद. कॅमेरा वरून खाली सरळ ओढला. खोडं शाबूत राहिली, पानांचा हिरवा-करडा ओघ झाला, तुऱ्यांचा पांढरा पट्टा विरून गेला. मग तीच रांग आडवी ओढली. खोडं गायब, तुऱ्यांचा पट्टा मात्र ठसठशीत.

यात जादू काही नाही. रेघ ज्या दिशेची, त्याच दिशेने कॅमेरा गेला तर रेघ स्वतःवरच पसरते, कडा जागच्या हलत नाहीत. काटकोनात गेला तर ती पुसली जाते. हात कुठे न्यायचा हे ठरवलं, की काय ठेवायचं आणि काय पुसायचं हेही ठरून जातं. एवढं कळायला सकाळ पुरली. हाताला वळण लागायला वेळ लागेल.

नुसत्या मनगटाने ओढलं की खोडं धनुष्याकृती वाकतात, शेवटाला शेपूट येतं. कोपर अंगाला चिकटवून कमरेतून वाकलं तर सरळ येतात. शटर दाबायच्या आधी हात चालू झालेला हवा आणि शटर बंद झाल्यावरही थोडा पुढे जायला हवा, नाहीतर सुरुवातीला-शेवटी गाठ दिसते. ट्रायपॉडवर डोकं सैल करूनही काढले. ते फार इस्त्रीचे वाटतात. हातात धरूनच करणार.

१ डिसेंबर

आज शूट नाही, लग्नाच्या दोन बुकिंगमधल्या वेळात कॅमेऱ्याची तयारी.

स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) बंद, बॉडीतलंही आणि लेन्समधलंही. आपण हलवतो आणि ते बिचारं सावरायला बघतं. या भांडणात रेघांना बारीक कंप येतो.

दुसरं, धूळ. एफ/२२ वर काढलेल्या फ्रेममध्ये सगळं वाहतंय आणि आकाशात तीन काळे ठिपके जागच्या जागी ढिम्म. समोरचं दृश्य सेन्सरवर सरकलं, पण ठिपके खुद्द सेन्सरच्या काचेवरच्या धुळीचे, ते कशाला सरकतील? ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, जितकं बारीक, तितकी त्या धुळीची सावली रेखीव. साध्या फोटोत असा ठिपका पानाफांद्यांत लपतो, इथे गुळगुळीत रंगात तो उघडा पडतो. म्हणून बारीक ॲपर्चरने उजेड कमी करण्यापेक्षा एफ/८ किंवा एफ/११ वर राहायचं आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावायचा.

फिल्टरचं गणित कागदावर लिहून बॅगेच्या झाकणात चिकटवलं. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; ३ स्टॉपचा उजेड आठपट कमी करतो, ६ स्टॉपचा ६४ पट, १० स्टॉपचा जवळपास हजारपट. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/११ ला १/२५० येतं. त्यावर ६ स्टॉपचा लावला की १/४ सेकंद. माझ्या हाताला १/८ ते १/२ एवढीच पट्टी सोसते. त्याहून जलद असेल तर फोटो नुसता चुकल्यासारखा दिसतो. त्याहून मंद असेल तर काय काढलं ते ओळखूच येत नाही. १० स्टॉपचा फिल्टर घरी ठेवला तरी चालेल.

२२ डिसेंबर, गुऱ्हाळ

पहाटे साडेपाचला पोचलो तेव्हा एक आदण (काहिलीभर उकळता रस) उतरलं होतं, दुसरं चुलवाणावर, म्हणजे गुळाच्या भट्टीवर, चढत होतं. बाहेरच्या थंडीतून आत गेल्याबरोबर लेन्सवर धुकं. पुसून उपयोग नाही, पुन्हा चढतं. कॅमेरा बॅगेतच ठेवून चुलवाणापासून बऱ्या अंतरावर बसलो, काच कोमट होईपर्यंत चहा आणि ताजी काकवी.

काहिलीभोवती (रस उकळायची मोठी कढई) दोन पिवळे बल्ब, खाली चुलवाणातला जाळ, वर वाफेचा डोंगर. वाटलं होतं, इथे डोळे मिटून काढलं तरी चित्र येईल. उलटंच. वाफेला कड नाही. कॅमेरा उभा ओढा, आडवा ओढा, सगळ्या फ्रेम पिठल्यासारख्या. आधीच विरलेल्या गोष्टीला आणखी काय विरवणार?

मग काहिलीचा काठ धरला. गोल आहे, तर कॅमेरा लेन्सच्या आसाभोवती फिरवला तर गोल स्वतःवरच फिरेल, नीलगिरीच्या खोडाचाच न्याय. तो फक्त बरोबर वरून बघितलं तर लागू पडतो. बाजूने काहील लंबगोल दिसते, आणि लंबगोल फिरवला की त्याची दोन्ही टोकं फाटतात. छपराच्या वाशाला लटकून काढायची माझी तयारी नव्हती.

जमलं ते वेगळ्या युक्तीने. १/२ सेकंदाचं शटर. त्यातला निम्मा वेळ कॅमेरा स्थिर, मग एकदम वर उचलायचा. स्थिर वेळात मळी काढणारे गुळव्या (गूळ करणारे कारागीर) मामा, त्यांच्या हातातला लांब दांड्याचा झारा आणि काहिलीचा काठ नोंदवला जातो. उचलताना त्यावर वाफेचा नारिंगी पडदा चढतो. माणूस दिसतो, पण पुसट, रंगाच्या आतून. स्थिर वेळ जरा जास्त झाला तर फोटो साधा होतो, कमी झाला तर माणूस नाहीसा. मोजून येत नाही, मनात ‘एक’ म्हणायच्या लांबीवर बेतावं लागतं.

सगळ्यात चांगली फ्रेम आली गूळ ओतताना. आदण तयार झालं, काहील वाफ्याकडे (गूळ निववायच्या पसरट हौदाकडे) कलती झाली आणि सोनेरी रस घसरत खाली आला. त्या धारेला स्वतःची दिशा होती. मी फक्त तिच्याबरोबर खाली गेलो. धारेच्या दोन्ही कडा कोऱ्या करकरीत, मागची माणसं सावल्या झालेली.

मामांना स्क्रीन दाखवली.

“हललाय की वो.”

“मुद्दाम हलवलाय, मामा.”

“मग आमाला सांगायचं, आमीच हललो असतो. तुमी कशाला तरास घेतला?”

११ जानेवारी २०२५

निवड करायला बसलो. फोल्डरमध्ये ‘ठेव’, ‘बघू’ आणि ‘नको’ असे तीन भाग. ‘नको’ फुगलाय, तो फुगणारच. पण ‘नको’ मधल्या फ्रेम एकाच कारणाने नकोशा झाल्यात असं दिसतं: त्यांत शाबूत काहीच नाही. ‘ठेव’ मधल्या प्रत्येकीत कुठे ना कुठे एक कड उभी आहे. खोडाची, धारेची, झाऱ्याच्या दांड्याची. बाकी कितीही वितळू दे.

दुसरी गोष्ट रंगांची. शेजारच्या झेंडूच्या वाफ्याचे फोटो काढले होते, नारिंगी आणि हिरवा, डोळ्याला झकास. हलवल्यावर खाकी. फ्रेंच इंप्रेशनिस्ट चित्रकार शुद्ध रंगाचे छोटे फटकारे शेजारीशेजारी ठेवायचे, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचे. कॅमेरा तसं करत नाही. ओढलेल्या रेघेत येणारे सगळे रंग तो एकमेकांत ओतून सरासरी काढतो, आणि विरोधी रंगांची सरासरी करडी, मातकट येते. म्हणून हलत्या कॅमेऱ्याला ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणणं अर्धंच खरं. तो फटकारा मारत नाही, वॉश देतो. ओल्या कागदावर ओढलेला रुंद ब्रश. हे एकदा मान्य केलं की विषय निवडणं सोपं जातं: एकाच कुळातले रंग घ्यायचे, किंवा विरोधी रंग हालचालीच्या दिशेने पट्ट्यापट्ट्यांत असतील असं उभं राहायचं, म्हणजे ते एकमेकांच्या अंगावर सांडत नाहीत.

फोटोग्राफीचं आणि त्या चित्रकारांचं नातं तसं घरोब्याचं. १८७४ च्या एप्रिलमध्ये त्यांचं पहिलं एकत्र प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं ते नादार या नावाजलेल्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत.

आणि फोटोग्राफर अर्न्स्ट हास. १९५६ मध्ये त्याने स्पेनमधल्या बैलझुंजी मंद शटरवर, कॅमेरा हालचालीबरोबर नेत काढल्या; पुढे १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरवलं. तेव्हाची कोडाक्रोम फिल्म एएसए (आजचा आयएसओ) १० ची, म्हणजे आजच्या हिशेबाने भयंकर संथ. मंद शटर हा त्या काळी निम्मा नाइलाज होता. आम्ही हजारो रुपयांचे फिल्टर लावून तोच नाइलाज विकत घेतो.

९ फेब्रुवारी, तालीम

गुळव्या मामांचा सल्ला मनात होता, म्हणून इथे आलो. इथे माणसंच हलतात.

वस्तादांची परवानगी आधी काढली होती. चेहरे ओळखू येतील असं काही छापणार नाही, हे मी आपणहून सांगितलं. सकाळी सहाची मेहनत. कौलांतून येणारा थोडा उजेड आणि दोन ट्यूबलाइट, त्यामुळे फिल्टरची गरजच नाही: आयएसओ १००, एफ/४, १/४ सेकंद.

जोर मारणारा पैलवान सरळ रेषेत जात नाही. कंबर वर, छाती मातीलगत घासून पुढे, मान वर, पुन्हा मागे, अशी कमान होते. त्याच्या डोक्यावर फोकस बिंदू ठेवून कॅमेरा त्या कमानीबरोबर नेला. डोकं आणि खांदे धरले गेले, भिंत, घंटा, मारुतीची तसबीर आणि बाजूची पोरं वाहून गेली. ठेक्याला लागलेल्या माणसाबरोबर जाणं सोपं. दहा-बारा जोर नुसते बघायचे, श्वास त्याच्या श्वासाला लावायचा आणि मग शटर.

कुस्तीच्या हौद्यात खडाखडी, म्हणजे उभ्या-उभ्याची झटापट, सुरू झाल्यावर मात्र माझी दांडी गुल. दोघे, दोन दिशांना, आणि कुणाची चाल कधी येईल ते त्यांच्या वस्तादांनाच ठाऊक. एकाच्या मागे गेलो तर दुसऱ्याचे चार हात होतात. पण तांबड्या मातीने रंगाचा प्रश्न सोडवला. ताक, हळद, तेल मुरलेली ती माती, तिच्यात माखलेली अंगं, खाली-वर एकच कूळ. करडं काही होत नाही. उडालेल्या मातीच्या मुठीची एक फ्रेम आहे, तीत पाठीचा कणा तेवढा रेखीव आलाय, पैलवान पळभर अडकला असणार तेव्हा.

वस्ताद खुर्चीवरून म्हणाले, “दम नुसता पोरांनीच काढायचा होय रे? तू बी चार बैठका मार, हात थरथरायचा थांबंल.” मारल्या. हात आणखी थरथरला.

८ मार्च, रंकाळा चौपाटी, संध्याकाळ

दिव्यांचे फोटो. पाण्यातल्या प्रतिबिंबांवर कॅमेरा उभा ओढला, प्रतिबिंबं मुळातच उभी लांबलेली असतात, त्यामुळे छान जुळतं. दिवा मात्र थेट फ्रेममध्ये आला की तो चित्र राहू देत नाही. त्याची पांढरी रेघ होते आणि त्या रेघेत आपल्या हाताची प्रत्येक कापरी ओळ वाचता येते.

एक गंमत. भेळेच्या गाड्यांवरच्या स्वस्त एलईडी पट्ट्यांची रेघ सलग येत नाही, तुटक ठिपक्यांची येते. आपली वीज ५० हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात; डोळ्याला कळत नाही, हलणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. १/४ सेकंदाच्या रेघेत २५ ठिपके मोजता आले. रस्त्यावरच्या नव्या दिव्यांची रेघ सलग, त्यांच्या आतला ड्रायव्हर बरा असणार. भेळेच्या गाड्यावरून कुणाचा दिवा किती स्वस्त ते सांगता येईल, पण फोटो म्हणून ‘नको’.

सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं चांगली गेली. शालिनी पॅलेसच्या बाजूची झाडी, आकाश, पाणी, तिन्ही आडवे पट्टे. आडवं ओढलं. असे फोटो जगभर लाखोंनी निघतात आणि सगळे समुद्राचे वाटतात. माझेही वाटले. रंकाळा आहे हे सांगणारं त्यात काही उरलं नाही, तर मी तिथे कशाला उभा होतो?

१२ एप्रिल, चैत्र पौर्णिमा, वाडी रत्नागिरी

जोतिबाची चैत्र यात्रा. या प्रकल्पातली सगळ्यात मोठी नोंद ही होणार याची कल्पना होतीच.

तयारी: बॉडी आणि लेन्स मिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, लेन्सच्या तोंडाला टेप, पुढे संरक्षक काच, तिच्यावर ६ स्टॉपचा एनडी. लेन्स एकच, ३५ मिमी. डोंगरावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. गुलाल पिठाहून बारीक असतो, एकदा आत गेला की वर्षभर निघत नाही. कार्ड आणि बॅटरी पहाटे बदलून पिशवी बंद केली ती रात्री घरी उघडली.

एसटीतून उतरलो तेव्हाच पायऱ्या गुलाबी होत्या. दुपारी सासनकाठ्यांची मिरवणूक. पहिला मान निनाम पाडळीच्या काठीचा, मागे गावोगावच्या. उंचच उंच बांबू, रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला तुरा, चारी बाजूंनी दोऱ्यांनी तोललेली, आणि खाली ती पेलून नाचवणारा माणूस. हलगी वाजते तसा तो बांबू थरथरतो, झुकतो, पुन्हा उभा राहतो. ‘चांगभलं’चा गजर झाला की गुलालाच्या मुठी आणि खोबऱ्याचे तुकडे वर जातात, आणि थोडा वेळ समोरचं काही दिसतच नाही.

हलत्या कॅमेऱ्यासाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही. उभी रेघ तयार आहे, आणि बाकी सगळा एकच रंग. नीलगिरीवर शिकलेलं सगळं इथे लागू पडतं, फरक एवढाच की ही झाडं चालतात. काठी झुकलेली असेल तर कॅमेराही तेवढाच झुकवून तिच्या तिरक्या रेघेतूनच खाली यायला हवं. सरळ खाली आलं की काठी रुंद, फिकट होऊन पुसली जाते. म्हणून व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवून काठी बघायची आणि हात तिला जोडायचा. एफ/११, १/४ सेकंद. थोड्या वेळाने हलगीच्या ठेक्यावर हात आपोआप पडायला लागला. ठेका धरला की काठी कधी कुठे असेल तेही आधी कळतं.

तांत्रिक कटकट रंगाची. कडक उन्हातला गुलाल कॅमेऱ्याचा लाल चॅनल पार उडवून टाकतो. साधा हिस्टोग्रॅम (फोटोत उजेड किती ते दाखवणारा आलेख) मधोमध, सगळं ठीक आहे असं सांगतो. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्रॅम उघडले की लाल उजव्या भिंतीला आदळलेला दिसतो. मग गुलालात छटाच राहत नाहीत, सपाट गुलाबी पत्रा होतो. दोन-तृतीयांश स्टॉप कमी करून काढलं, कधी पूर्ण स्टॉप. ऑटो व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय) बंद करायला हवा. सगळीकडे गुलाबी दिसला की तो बिथरतो, आणि तोल साधायला चित्रात हिरवट झाक ओततो. ५२०० केल्विनवर बांधून ठेवला.

एक फ्रेम इथेच लिहून ठेवतो. मध्ये एक काठी, किंचित डावीकडे कललेली, तिच्या कडा टोकापर्यंत शाबूत. खाली गर्दी, तिच्यातली डोकी आणि पागोटी उभ्या फटकाऱ्यांत गेलेली. उजव्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, दवण्याची जुडी कपाळाला लावून थांबलेली. ती इतकी स्थिर होती की माझ्या हालचालीतही तिचा उभा आकार टिकला. हिरवा आणि गुलाबी विरोधी रंग, ओढले असते तर करडे झाले असते. पण दोन्ही उभ्या पट्ट्यांत शेजारीशेजारी पडले, म्हणून वाचले.

तिच्या मुलाने मला हटकलं, “आईचा फोटो काढला काय?” दाखवला. त्याने स्क्रीन तिरकी करून बघितली. “ही आई व्हय? बरं. दिसत न्हाई पर हाय.” आणि माझ्या कपाळाला गुलाल लावून पुढे गेला.

१३ एप्रिल

सफाई. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी ओलं कापड. क्रम उलटा केला तर गुलाल विरघळून फटीफटीत बसतो. सेन्सर कोरा. टेपचे पैसे वसूल.

१ जून, टाउन हॉलची बाग

यंदा मान्सून मे महिन्यातच येऊन धडकला, त्यामुळे वळवाचे म्हणून ठरवलेले दिवस चक्क पावसाळ्यात गेले.

फटकारा मिळतो का ते बघायचं म्हणून मल्टिपल एक्स्पोजर. पेप व्हेंटोसा नावाचा कॅटलन फोटोग्राफर झाडाभोवती चालत जाऊन अनेक फोटो काढतो आणि एकावर एक चढवतो. खोड मध्ये धरलेलं असतं म्हणून टिकतं, भोवतालचं जग कुंचल्याच्या टिंबांत फुटतं. मी फुललेला गुलमोहर घेतला. कॅमेऱ्यातल्या ‘ॲव्हरेज’ मोडला पुन्हा सरासरी निघते आणि पुन्हा खाकी. ‘ब्राइट’ मोड लावला तर प्रत्येक जागी सगळ्यात उजळ तेवढंच राहतं, आणि काळ्या ओल्या फांद्यांवर लाल टिंबं सुटी सुटी उभी राहतात. हा खरा इंप्रेशनिस्टांचा फटकारा.

दिसायला सुंदर, बैठकीच्या खोलीत लावायला कुणीही घेईल. पण हे झाड कुठल्याही गावचं असू शकतं, आणि युक्ती दुसऱ्याची. एक ठेवला, ‘बघू’ मध्ये.

२० जुलै, रंकाळा, पाऊस

मार्चमधली रुखरुख होती म्हणून पुन्हा रंकाळा. या वेळी संध्यामठ.

तलाव भरला की हा दगडी मंडप पाण्याखाली जायला लागतो. आज वरचा भाग तेवढा बाहेर होता. धो धो पाऊस, उजेड इतका कमी की एफ/११ ला आपोआप १/४ येत होतं, फिल्टर खिशातच. छत्री मुलाने धरली, त्याला नंतर मिसळ कबूल केली आहे.

संध्यामठ काढायचा म्हटलं की कोल्हापुरात आबालाल रहिमान आठवतातच. शाहू महाराजांच्या दरबारी असलेला हा चित्रकार १९३१ मध्ये गेला. रंकाळा, कोटीतीर्थ, हा सगळा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला, संध्यामठसुद्धा. फ्रेंचांशी त्यांची तुलना करायची पद्धत आहे. मला त्यांच्या चित्रांत जास्त भावतं ते हे, की हवा कितीही ओली असली तरी जागा ओळखता येते. धूसर आहे म्हणून कुठलीही नाही.

आडवं ओढलं तर पाण्याची रेघ राहते, मंडप जातो. उभं ओढलं तर मंडपाचे खांब राहतात, पाणी जातं. दोन्ही हवेत. गुऱ्हाळातली युक्ती इथे आडवी वापरली: निम्मा वेळ स्थिर, मग पाण्याच्या रेघेने उजवीकडे झटका. मंडपाचा आकार बसला, त्याची डावी बाजू पावसात विरघळत गेली, आणि पाण्याची कड सलग. मागची झाडी आणि आकाश एकाच करड्या-हिरव्या कुळातले, म्हणून खाकी व्हायची भीती नाही. पावसाच्या धारा यात दिसत नाहीत, पण दगड ओला आहे हे दिसतं.

पंधरा-सोळा फ्रेम अशा जमल्या. बाकीच्यांत झटका लवकर गेला. एक थेट ‘ठेव’ मध्ये.

३१ ऑगस्ट, प्रिंट

चाचणीसाठी ८×१२ इंची प्रिंट टाकल्या. लॅबमधून फोन: “दादा, फाइली हललेल्या आल्यात. तरी मारू का?” मारा म्हटलं.

चकचकीत कागद बाद. त्यावर हे फोटो चित्र वाटत नाहीत, चुकलेले फोटो वाटतात. चमक डोळ्याला तपशील शोधायला लावते आणि तपशील तर आम्ही पुसलाय. कापसाच्या मॅट कागदावर संध्यामठ, नीलगिरी आणि तालमीची माती जशी हवी तशी. अडचण जोतिबाची: मॅट कागदाला एवढा तेज गुलाबी झेपत नाही, गुलालाचा वीटकरी होतो. प्रूफिंगमध्ये (छपाई कशी येईल ते आधी स्क्रीनवर बघताना) रंग दाबून बघितला, मग गुलाल गुलाल राहत नाही. ल्युस्टर कागदावर तो टिकतो, चमकही बेताची.

आकार मोठा घेणार, १६×२४. छोट्या प्रिंटमध्ये हालचालीचे फटकारे दाटतात आणि फोटो पुन्हा नुसता हललेला दिसतो. मोठ्यात, दोन पावलं मागे उभं राहिलं की आकार जमतो, जवळ गेलं की रंग सुटतात.

निवड ‘ठेव’ मधूनच. गुलमोहर गळला, रंकाळ्याचे आडवे पट्टे गळले, खडाखडीचा पाठीचा कणा राहिला. खाली नाव देणार नाही, फक्त जागा आणि तारीख. त्या हिरव्या लुगड्यातल्या आजींच्या मुलाकडे मी नंबर मागितला नव्हता. पुढच्या चैत्रात डोंगरावर प्रिंट घेऊन जाईन, काठी कुठल्या गावची ते कापडावरून ओळखता येतं का हे तोवर जाणत्यांना विचारायचं आहे.

गुऱ्हाळाच्या दोनच फ्रेम मनासारख्या आहेत, त्या तीन तरी हव्यात. दिवाळीनंतर चुलवाणं पेटली की मामांना सांगून पुन्हा जाणार, ओतण्याच्या वेळी वाफ्याच्या पलीकडून, दाराचा उजेड पाठीशी घेऊन. फ्रेमवाल्याला सध्या एवढंच कळवलंय: मॅटला बिनचमकेची काच, ल्युस्टरला काचच नको, आणि सगळ्या पट्ट्या काळ्या, बारीक.